ऑरेंज क्रोमाइडची पहिली वीण आणि नमुना-संख्येचा घोळ

मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, सॅम्पल साइझ तीस घेतला की चालतं ना?" मी जरा वेळ गप्पच बसले. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते, आणि त्याच समजुतीपायी माझ्या थिसिसचा एक अख्खा चॅप्टर मला पुन्हा लिहावा लागला. तिला उत्तर म्हणून मी आमच्या घरातल्या माशांची गोष्ट सांगितली. तीच आज इथे सविस्तर सांगते. टाकीत पहिल्यांदा सिक्लिडची पिल्लं काढायची असतील तर ती कृतीही यात आहे, आणि संशोधनाकडे निघाला असाल तर माझ्या चुकाही आहेत. दोन्ही एकाच टाकीत घडल्यामुळे मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

आधी मासा कोणता ते सांगते. सिक्लिड म्हटलं की आपल्याला दुकानातले फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, एंजल आठवतात. पण उजनीची चिलापी खाल्ली असेल तर तुम्ही सिक्लिडच खाल्लाय. चिलापी म्हणजे तिलापिया. तो मूळचा आफ्रिकेतला, भारतात 1952 मध्ये आणला गेला आणि मग सगळीकडे पसरला. कोकणात आणि गोव्यात खाडीतला कालुंदर मिळतो, तोही सिक्लिडच, आणि तो मात्र आपला. भारतातले मूळचे सिक्लिड फक्त तीन: कालुंदर, कर्नाटकाच्या किनारी नद्यांतला त्याचा एक भाऊ, आणि तिसरा सगळ्यात लहान, ऑरेंज क्रोमाइड. पूर्ण वाढला तरी जेमतेम आठ सेंटिमीटर. केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. शास्त्रीय नाव स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस. 1795 मध्ये बर्लिनच्या ब्लॉखने त्याचं वर्णन केलं. त्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक ना आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आहेत ना अमेरिकेत, ते आहेत मादागास्करमध्ये. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते, हे शाळेत भूगोलात वाचलं होतं. ते माझ्या टाकीत पोहतंय हे कळल्यावर मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते.

हाच मासा का? खरं तर मला रॅम हवे होते, ते निळ्या ठिपक्यांचे. पण रॅम किंवा एपिस्टोग्रॅमा यांना मऊ, आम्लाकडे झुकणारं पाणी लागतं. मंगळवार पेठेत आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा पीएच माझ्या टेस्ट किटवर 7.8 आला, बोअरचा 8 च्या वर. ते पाणी रोज आम्लधर्मी करत बसायचं म्हणजे आयुष्यभराची हमाली, आणि पीएच वरखाली होत राहिला तर मासे आधी मरतात. ऑरेंज क्रोमाइड नदीच्या मुखाशी, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही राहतो आणि गोड्या पाण्यातही. जड, अल्कधर्मी पाणी त्याला चालतं, उलट आवडतं. म्हणजे जे पाणी घरात आहे त्याला साजेसा मासा निवडला. (पीएचडीचा विषय निवडताना हेच करा असं मी म्हणणार नाही. पण ज्या मशीनसाठी पुण्याला फेऱ्या माराव्या लागतात त्या मशीनवर आख्खा विषय उभा करण्याआधी एकदा विचार करा.)

टाकी

तीन फूट लांबीची टाकी, साधारण 140 लिटर पाणी. खाली बारीक वाळू, कारण हे मासे पिल्लांसाठी खड्डे खणतात आणि जाड खडीत खणता येत नाही. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा, मोटरचा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. हीटर 27-28 अंशांवर, कारण कोल्हापूरच्या थंडीत आमच्या खोलीतलं पाणी 21 पर्यंत उतरतं. अंडी घालायला मी आमच्या जुन्या घराच्या मंगलोरी कौलाचा तुकडा तिरका उभा केला होता. दुकानातल्या कृत्रिम गुहेपेक्षा तो त्यांना जास्त पसंत पडला.

घाई करायची नाही अशी एकच जागा सांगते. टाकीत पाणी भरलं, अँटीक्लोरीन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडले, असं करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच घाणीत विषबाधेने मरतात. आपल्याकडे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे हा धोका जास्त. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं आयनरहित रूप विषारी. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण 0.6 टक्का त्या विषारी रूपात असतो, पीएच 8 असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर रंग तोच दिसतो, पण आपल्या पाण्यात विष जवळपास दहापट. दुकानदार दादा म्हणाले होते, "काय नाय होत मॅडम, सोडा बिनधास्त." मी सहा आठवडे थांबले. या सगळ्या प्रकरणात मी पहिल्याच फटक्यात बरोबर केलेली गोष्ट ही एवढीच.

जोडी

नर-मादी ओळखणं अवघड. दुकानात "ही पेअर आहे" म्हणून जे देतात त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सहा छोटी पिल्लं आणायची, एकत्र वाढवायची आणि त्यांची जोडी त्यांना ठरवू द्यायची. माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात दोन मासे कौलाशेजारी ठाण मांडून बसले आणि उरलेल्या चौघांना त्यांनी वरच्या एका कोपऱ्यात कोंबलं. चौघांचे पर फाटायला लागले तेव्हा मी त्यांना मैत्रिणीच्या टाकीत हलवलं. जोडीचा रंग एव्हाना पिवळ्याचा गर्द केशरी झाला होता आणि पोटाखालचे पर काळेकुट्ट.

आई म्हणाली, "अगं, चार मासं हाकललंस आणि दोन ठेवलंस. एवढी मोठी टाकी दोघांना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आमच्या लग्नात असं कुणी केलं नाही."

तीन प्रयत्न, आणि मी काय काय बदललं

पहिली अंडी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. कौलावर पिवळसर, देठाने चिकटलेली, मोबाईलच्या फोटोवर मोजली तर 190 च्या आसपास. दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निम्मी पांढरी, तिसऱ्या दिवशी सगळी पांढरी आणि वर कापसासारखी बुरशी. मी ठरवून टाकलं: बुरशीने अंडी मेली.

इथे थांबा. हे वाक्य मी वहीत लिहिलं होतं, आणि ते चुकीचं असण्याची शक्यता जास्त होती. बुरशी सहसा मेलेल्या अंड्यांवर आधी चढते. अंडी फलित झाली नसतील, तर ती मरतात, पांढरी होतात आणि मग बुरशी येते. म्हणजे मी जे कारण समजत होते ते परिणाम असू शकत होतं. अंडी फलित न होण्याची कारणंही दोन-तीन: नर अजून अपक्व असेल, किंवा टाकीत नरच नसेल. सिक्लिडमध्ये दोन माद्याही जोडी करतात, एकत्र अंडी घालतात आणि राखतात. माझी "जोडी" दोन माद्यांची असू शकत होती आणि मला ते तपासायचं सुचलंही नव्हतं, कारण त्या जोडीसारख्या वागत होत्या.

पण तेव्हा मी बुरशीवर पेटले होते. एका रविवारात मी एवढं केलं: पाण्यात दर लिटरला दोन ग्रॅम खडेमीठ घातलं (एकूण पाव किलोच्या वर), थोडं मिथिलीन ब्लू टाकलं, फिल्टर कौलाच्या जवळ सरकवला आणि टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. चार बदल, एका दिवसात. फिल्टरमधल्या जिवाणूंना मिथिलीन ब्लू मानवत नाही, हे नंतर नायट्राइट वाढल्यावर कळलं. पंचवीस टक्के पाणी तीनदा बदललं तेव्हा ते खाली आलं. तो पाचवा बदल.

दुसरी अंडी सप्टेंबरमध्ये. या वेळी चौथ्या दिवशी सकाळी अंड्यांच्या जागी वळवळणारा पुंजका. आईबापांनी पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात नेली, मग संध्याकाळी दुसऱ्या खड्ड्यात, मग तिसऱ्या. बघत बसलं की जेवायचं भान राहत नाही. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली: पिल्लं निघाली म्हणजे टाकीत नर आहे. दोन माद्यांची शंका एका निरीक्षणाने संपली. संशोधनात एवढी स्वच्छ निकाली निघणारी शंका क्वचित मिळते, म्हणून मी ती तारीख वहीत चौकटीत लिहिली आहे.

त्याच आठवड्यात अनंत चतुर्दशी. मिरजकर तिकटीकडून मिरवणूक सुरू झाली की आमच्या घराच्या काचा रात्रभर थरथरतात, टाकीचीही थरथरली. पहाटे पाहिलं तर खड्डे रिकामे. एकही पिल्लू नाही. जोडी शांतपणे पोहत होती, पोटं जरा फुगलेली.

"आवाजानं खाल्ली," गल्लीतल्या तालमीतले काका म्हणाले. आई म्हणाली, "तू रात्री तीनदा बॅटरी मारून बघितलंस, तुझ्यानं खाल्ली." दुकानदार दादा म्हणाले, "पहिलटकरीण जोडी पहिली दोन-तीनदा खातेच." तिघांचंही म्हणणं शक्य कोटीतलं आहे. तिन्ही एकाच रात्री लागू होती. त्या एका रात्रीवरून तिघांतलं कोण बरोबर हे सांगायची कुठलीही सोय नाही, आणि हे मान्य करायला मला बराच वेळ लागला.

तिसरी अंडी ऑक्टोबरमध्ये. या वेळी मी रात्री झिरोचा बल्ब लावून ठेवला, बॅटरी मारणं बंद केलं, आणि जोडीला आधीचे दोन आठवडे जिवंत खाद्य दिलं. अंडी फुटली, पिल्लं खड्ड्यात फिरली, आणि आठव्या दिवशी ढगासारखा थवा आईबापांभोवती पोहायला लागला. ती जगली.

आता मला लोक विचारतात, "मीठ घातल्यामुळे जगली का?" माहीत नाही. मीठ, काळा कागद, फिल्टरची जागा, बल्ब, खाद्य, मिरवणूक नसणं, ऑक्टोबरचं हवामान आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच जोडीचा तिसरा अनुभव, हे सगळं एकत्र बदललं होतं. मी काहीच बदललं नसतं तरी तिसरी वीण जगली असती, ही शक्यता पूर्ण उघडी आहे. तीन प्रयत्न म्हणजे तीन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. तीच दोन जनावरं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा अनुभवी. पुस्तकी भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. नेटच्या पहिल्या पेपरात तुम्ही त्याची व्याख्या पाठ केली असेल. मीही केली होती, आणि मार्कही मिळाले होते.

"बाप जास्त राखतो"

पिल्लं पोहायला लागल्यावर मी रोज वहीत नोंदी केल्या. आठवड्याने वाचल्या तर निष्कर्ष तयार होता: बाप पिल्लांना जास्त राखतो. मग नोंदींच्या वेळा बघितल्या. जवळजवळ सगळ्या संध्याकाळी सात ते नऊच्या, डिपार्टमेंटमधून आल्यावरच्या. आणि नोंद कधी केली? काही "घडलं" की. मोठा मासा दूरवर धडक मारतो ते दिसतं, मादी खड्ड्यावर स्थिर तरंगत वारा घालते ते डोळ्यात भरत नाही. मी धडका मोजत होते आणि त्याला राखण म्हणत होते.

जीन ऑल्टमन या बबून माकडांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांनी 1974 मध्ये 'बिहेवियर' या जर्नलमध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणार असाल तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो वाचा. जे दिसेल ते लिहायचं, ही पद्धत ओळख करून घ्यायला ठीक, पण तुलना करायला निरुपयोगी, कारण ठळक गोष्टी वहीत जास्त उतरतात. तुलना करायची तर आधी कुणाला, किती वेळ, कधी बघायचं ते ठरवायचं आणि त्या वेळात ते जनावर काहीच करत नसेल तर "काही नाही" हेही लिहायचं.

मी आठ वागणुकींची यादी केली: वारा घालणं, तोंडात धरणं, खणणं, धडक, स्थिर तरंगणं, खाणं, पर फडकवणं, नजरेआड. दिवसातून चार ठरलेल्या वेळा, प्रत्येक वेळी दोघांपैकी आधी कोणाला बघायचं ते नाणं टाकून, दहा-दहा मिनिटं. दुपारची वेळ आईने सांभाळली. पाच दिवसांनी चित्र वेगळंच: दोघांचा वेळ जवळपास सारखा, काम वेगळं. मादी पिल्लांजवळ, बाप परिघावर. निदान या जोडीत, या विणीत.

यादीतल्या "पर फडकवणं" याविषयी थोडं सांगायलाच हवं. आईबाप पोटाखालचे काळे पर झटकन उघडतात-मिटतात आणि विखुरलेली पिल्लं त्यांच्याकडे गोळा होतात. कोल आणि वॉर्ड या दोघांनी 1969 मध्ये याच माशात हा इशारा अभ्यासला आहे. आमच्याकडे बाल्कनीतून आई जशी पोरांना हाक मारते तसं, फक्त आवाज नाही. आणि दुसरी गोष्ट आणखी विलक्षण. पिल्लं आईबापांच्या अंगाला तोंड घासून निघतात. पहिल्यांदा मला वाटलं चावतायत, अंगाला काही रोग झालाय. ती खरं तर अंगावरचा बुळबुळीत थर खात असतात. वॉर्ड आणि बार्लो यांचा यावरचा लेख 1967 चा आहे. डिस्कस माशातही हे दिसतं. म्हणजे पिल्लं सुरुवातीला अंशतः आईबापांच्या अंगावर जगतात, म्हणून पहिल्याच वेळी "खातील" या भीतीने पिल्लं वेगळी काढू नका. मी दुसऱ्या विणीत काढणार होते, आळस केला म्हणून राहिलं.

नुसत्या त्या थरावर मात्र भागत नाही. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात, उलट्या टांगलेल्या कापलेल्या बाटलीत, खालून हवा सोडून, एका दिवसात फुटतात. ती नारिंगी धूळ थेंबाथेंबाने थव्यावर सोडायची. दिवसातून तीनदा, थोडी थोडी. जास्त घातलं की तळाशी कुजतं आणि अमोनियाचं चक्र परत सुरू. आई दुपारी जरा सढळ हाताने घालायची, "पोरं उपाशी राहायला नकोत" म्हणून. त्यामुळे माझ्या खाद्याच्या नोंदींना काही अर्थ नाही. असो.

मोजणीचंही तेच. पंधराव्या दिवशी पिल्लं किती? मी मोजली 74. आईने 58. टाकीमागे चौकटीचा कागद लावून फोटो काढला आणि फोटोवर टिकल्या मारत मोजलं तर 66. दोघींनी एकाच काचेतून, एकाच वेळी, तेच मासे बघितले होते. हलत्या वस्तू मोजताना माणसाची मोजणी इतकी हलते. तुमच्या कामात हाताने, डोळ्याने काही मोजायचं असेल, पेशी, पानांवरचे डाग, मुलाखतीतल्या उत्तरांचे गट, काहीही, तर थोडा भाग दुसऱ्या माणसाकडून तुमचे आकडे न दाखवता मोजून घ्या. आधी घ्या. शेवटी घेतलं की फरक निघाल्यावर रडू येतं.

घोळ

आता त्या चॅप्टरकडे येते. मी करवीर तालुक्यातल्या तळ्यांमधल्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर काम करते. सांडपाणी येणारं एक तळं आणि न येणारी दोन. प्रत्येकातून तीस-तीस बाटल्या. नव्वद नमुने, चांगला भरघोस आकडा. टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू इतकी छोटी आली की मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. पेपर पाठवला. परत आला. परीक्षकाची टिप्पणी दोन ओळींची: सांडपाण्याच्या तळ्यांची तुमची नमुना-संख्या तीस नाही, एक आहे.

मी चिडले. गाईड मॅडमना म्हणाले, याने पेपर वाचलाच नाही. मॅडम म्हणाल्या, "वाचलाय म्हणूनच म्हणतोय. घरी जा, विचार कर."

घरी टाकीत तेव्हा महिन्याभराची साठ पिल्लं होती. मी त्यांची लांबी मोजायच्या तयारीत होते आणि डोक्यात वाक्य तयार होतं: "मिठाच्या पाण्यातल्या साठ पिल्लांची सरासरी वाढ..." आणि तिथे मला ते लागलं. ही साठ पिल्लं एका आईबापाची. एका टाकीत. एकच हीटर, एकच खाद्य, दुपारी सढळ हाताची तीच एक आई. शेजारी बिनमिठाची टाकी ठेवून त्यात दुसऱ्या जोडीची साठ पिल्लं वाढवली आणि फरक आला, तर तो मिठाचा कशावरून? तो जोडीचा असेल, टाकीच्या जागेचा असेल, एका बाजूला खिडकी असल्याचा असेल. साठच्या ऐवजी सहाशे पिल्लं मोजली तरी हा प्रश्न सुटत नाही. सहाशे पिल्लांनी त्या एका टाकीची सरासरी जास्त अचूक कळते, एवढंच. मीठ दिलं ते टाकीला, पिल्लांना एकेकटं नाही. म्हणून मोजायच्या त्या टाक्या. मिठाच्या एक, बिनमिठाच्या एक. एक विरुद्ध एक.

माझं सांडपाण्याचं तळं म्हणजे ती एक टाकी होती, आणि तीस बाटल्या म्हणजे तीस पिल्लं.

स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव रूढ केलं. मराठीत फसवी पुनरावृत्ती म्हणू. त्यांनी परिसरशास्त्रातले 176 प्रायोगिक अभ्यास तपासले, त्यातल्या 27 टक्क्यांत ही चूक होती, आणि ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या होत्या त्यांच्यापुरतं बघितलं तर 48 टक्क्यांत. हे वाचून मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग करायचं काय? प्रत्येक मांडणीत एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: मी ज्याचा परिणाम बघतेय ती गोष्ट नेमकी कुणाला, स्वतंत्रपणे, किती वेळा दिली? औषध पिंजऱ्याला दिलं तर पिंजरे मोजा, उंदीर नाही. नवी शिकवण्याची पद्धत वर्गाला दिली तर वर्ग मोजा, विद्यार्थी नाही. खत वाफ्याला दिलं तर वाफे मोजा, रोपं नाही. मिठाचा प्रश्न खरंच सोडवायचा तर, समजा, दहा जोड्या, दहा टाक्या, पाच टाक्यांना मीठ, कोणत्या पाच ते चिठ्ठ्या टाकून, आणि प्रत्येक विणीची सरासरी हा एक आकडा. नमुना-संख्या प्रत्येकी पाच. पिल्लांचे सुटे आकडे वाया घालवायचे नसतील तर मिक्स्ड मॉडेल लावून टाकीचा परिणाम वेगळा काढता येतो. पण प्रत्येक बाजूला एकच टाकी असेल तर कुठलंही मॉडेल तुम्हाला वाचवत नाही, हेही ऐकून ठेवा. सॉफ्टवेअर उत्तर देतं. ते नेहमीच देतं.

मी चॅप्टर पुन्हा लिहिला. तीन तळ्यांचं वर्णन वर्णन म्हणून ठेवलं, चाचण्या काढल्या, आणि पुढच्या हंगामात आणखी तळी घेतली, दोन्ही प्रकारची. प्रत्येकातून बाटल्या कमी केल्या. काम एक वर्ष लांबलं. फेलोशिपचं गणित त्यामुळे कोलमडलं, ते वेगळं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. घरच्या टाकीतलं निरीक्षण हा छंद आहे, ते थिसिसमध्ये घालू नका. मासा हा पृष्ठवंशी प्राणी आहे, त्याच्यावर संशोधन म्हणून प्रयोग करायचा तर आधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी लागते. नंतर मागून मिळत नाही. आणि पिल्लं जास्त झाली की रंकाळ्यात, पंचगंगेत सोडायचा मोह आवरा. मूळचा भारतीय मासा असला तरी तो या तळ्याचा नाही. चिलापीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. माझी चाळीसेक पिल्लं दुकानदार दादांनी घेतली, बदल्यात आर्टेमियाचा डबा दिला.

उरलेल्यांतून या उन्हाळ्यात दोन नव्या जोड्या झाल्यात. आईने हॉलमध्ये आणखी दोनच टाक्यांना परवानगी दिली आहे, दहांना नाही, त्यामुळे मिठाचं उत्तर मला घरी मिळणार नाही, आणि हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. तरी काल रात्री दोन्ही टाक्यांत कौलं लावली, हीटर सारखे केले, खिडकीला पडदा लावला. आईच्या हातात नाणं दिलं. छापा आला. मीठ डाव्या टाकीला.